टायरला एका वेळी एकच काम सांगा
(वाचकांचे प्रश्न, स्कूटरमावशीची उत्तरं)

या महिन्यात संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. उघडून बघते तर निम्म्याअधिक पत्रांत एकच क्रियापद: घसरले, घसरलो, घसरून पडलो. आमच्या मालवणीत एकीने नुसती चिठ्ठी लिहिली आहे, ‘मावशी, घसरान पडलंय.’ प्रश्न नाहीच. तिला काय उत्तर देऊ?

मी सावंतवाडीत जिमखाना मैदानावर 27 वर्षं बायकामुलींना दुचाकी शिकवते. सुरुवात लुनावर केली, मग कायनेटिक होंडा, आता 110 सीसीची स्कूटर. एक गोष्ट दरवर्षी दिसते. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. दिवाळीत शिकायला आलेली मुलगी एप्रिलच्या आत पक्कं लायसन्स घेऊन मोकळी होते, म्हणजे पावसाचा एक थेंब न बघता ती सरकारदरबारी तयार चालक ठरते. मग मृग लागतो.

प्रश्न : दिवाळीत नवी स्कूटर घेतली. जूनच्या पहिल्या सरीत बँकेत जाताना वळणावर ब्रेक दाबला आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. गुडघा फुटला, आरसा तुटला. वेग तिशीच्या आत होता. शोरूमवाले म्हणतात टायर नवीन आहे, काही दोष नाही. नवरा म्हणतो मागे जाड टायर घालू. नक्की चुकलं काय? — एक वाचक, कुडाळ

गुडघ्याला टाके नाहीत ना? मग बोलू.

तुझा टायर रस्त्याला टेकतो तो भाग केवढा असतो माहीत आहे? तळहाताएवढासुद्धा नाही, तीन-चार बोटांएवढा. पुढे तेवढा, मागे तेवढा. सगळा संसार त्याच्यावर. आता असं धर की कोरड्या रस्त्यावर त्या टायरकडे खर्चायला एक रुपया आहे. वळण घेतलंस की त्यातले काही आणे वळण्यात जातात. ब्रेक दाबलास की काही आणे ब्रेकला जातात. दोन्ही मिळून रुपयाच्या आत असलं तर गाडी निमूट ऐकते. मृगाच्या पहिल्या सरीत हा रुपया आठ आण्यांवर येतो. तू वळणाला सहा आणे दिलेस आणि ब्रेकला आणखी सहा मागितलेस. टायर कुठून आणणार?

म्हणून माझ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, टायरला एका वेळी एकच काम सांगा. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना. वळताना ब्रेकही नाही आणि जोरात रेसही नाही, नुसतं वळायचं. वळून गाडी सरळ झाली की मग रेस.

पहिल्या सरीत रुपया का घटतो, तेही ऐक. ऑक्टोबर ते मे रस्त्यावर धूळ बसते, गाड्यांचं ऑइल ठिबकतं, टायरचं झिजलेलं रबर पसरतं. पहिली सर यात पाणी घालून त्याचा लेप करते. दणकून पाऊस पडला की तो वाहून जातो. म्हणजे मुसळधार पावसापेक्षा बारीक रिमझिम जास्त लबाड. पहिली सर आली की मी टपरीवर थांबते आणि एक चहा होईस्तोवर रस्ता धुऊन घेते.

आता ब्रेक. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक तरी असतोच. डावी मूठ दाबली की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. सोय चांगली आहे, पण तो एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारा ब्रेक, नव्हे. घाबरून करकचून दाबलास तर चाक जाम होणारच, आणि जाम झालेलं चाक रस्त्यावरून साबणाच्या वडीसारखं जातं. सोलकढीसाठी खोबरं पिळतो ना, आधी हलकं आणि मग जोर वाढवत, तसा ब्रेक. दोन्ही मुठींनी. चाक सरकल्यासारखं वाटलं तर मूठ क्षणभर सोड, नजर समोर ठेव आणि पुन्हा पीळ. सगळ्यांना उलटं सुचतं, घसरलं की आणखी दाबतात. म्हणून हे डोक्याने नाही, हाताने शिकायचं असतं. रविवारी पाऊस पडून गेल्यावर रिकामं मैदान गाठ. माणूस धावतो तेवढ्या वेगाने, सरळ रेषेत, वीस वेळा थांब. विसाव्या वेळी हात शहाणा होतो.

नवऱ्याला सांग, जाड टायर नको. स्कूटरमध्ये मागचं चाक इंजिनाला चिकटून बसलेलं असतं, जास्तीचं रबर घासायला लागतं. टायरवर 90/100-10 असं काहीतरी लिहिलेलं असेल: रुंदी 90 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 100 टक्के, रिंग 10 इंची. कंपनीने जो आकडा दिलाय तोच ठेवायचा. आणि हो, पुढच्या वेळी नवा टायर घालशील तेव्हा पहिले शंभरेक किलोमीटर सांभाळून चालव. साच्यातून काढताना लावलेल्या पदार्थाचा बुळबुळीतपणा त्याच्या अंगावर असतो, तो झिजून जाऊ दे.

प्रश्न : माझी स्कूटर 9 वर्षांची आहे. निवृत्तीनंतर वापर कमी, फक्त 11 हजार किलोमीटर. टायर कंपनीचेच आहेत आणि नक्षी भरपूर शिल्लक आहे. आता सूनबाई शिकते आहे, ती दोनदा घसरली. तिचा हातच कच्चा आहे असं माझं मत. — एक ज्येष्ठ वाचक, चिपळूण

काका, सूनबाईंचा हात कच्चा असेल, पण टायर त्याहून पिकलेला आहे. एक करा. टायरच्या बाजूला इंग्रजी अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. 2316 असेल तर 2016 सालचा 23 वा आठवडा. मग नक्षीच्या भिंतीत अंगठ्याचं नख रुतवून बघा. चांगलं रबर थोडं दबतं. तुमचं नख वाकेल असं मला वाटतं. बाजूला केसासारख्या बारीक भेगाही दिसतील.

नक्षी आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नक्षीचं काम पाण्याला वाट करून देणं. रस्ता धरून ठेवतं ते रबर. उन्हातान्हात उभं राहून ते वाळतं, कडक होतं, गाडी चालो न चालो. तुमची गाडी अंगणात उन्हात असते की पडवीत, ते लिहिलेलं नाही. दहा इंची टायरची जोडी तुमच्या हाडवैद्याच्या एका फेरीपेक्षा महाग नसेल, तेव्हा आजच बदला. पुढचा आधी, आणि जमलं तर दोन्ही. मागचा टायर घसरला तर सावरायला थोडी जागा असते, पुढचा घसरला की माणूस जमिनीवर असतो.

टायर घालून घेताना तिथेच उभे राहा. बाजूला बाण असतो, चाक फिरण्याच्या दिशेचा. घाईत उलटा टायर बसवलेला मी स्वतःच्या गाडीवर पाहिला आहे.

गॅरेजचं निघालंच आहे तर माझंही ऐका. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजने सर्व्हिसिंग करून गाडी अशी चकचकीत दिली की मी खूश. टायर काळेभोर, नवेच वाटावेत असे. पन्नास पावलांवर गांधी चौकात वळायला गेले आणि बाजारासमोर लोटांगण. चकाकी यावी म्हणून पोऱ्याने टायरला पॉलिश मारलं होतं, नुसतं बाजूला नाही, रस्त्याला टेकतो तिथेही. पॉलिश म्हणजे तेलच की! त्या दिवशी भाजीवाल्या मावशींनी मला उठवलं आणि म्हणाल्या, ‘तूच शिकवतंस ना गो?’ तेव्हापासून गाडी परत घेताना मी सांगते, टायर मळका असू दे.

प्रश्न : पावसात हवा थोडी कमी ठेवली की पकड वाढते, असं पंपावरचा मुलगा म्हणाला. खरं का? आणि नायट्रोजन भरावा का? — एक शिक्षिका, वेंगुर्ला

वेंगुर्ल्याच्या वाळूत गाडी रुतली असती तर तो मुलगा बरोबर होता. ओल्या डांबरावर नाही. हवा कमी झाली की टायर पसरतो, नक्षीच्या फटी मिटतात, पाण्याला जायला जागा राहत नाही आणि वळताना गाडी भाकरीच्या पिठासारखी डुलते. जास्त हवाही नको, टेकणारा भाग आणखी लहान होतो. आमच्याकडच्या 110 सीसीच्या स्कूटरला एकट्या माणसासाठी पुढे 22 आणि मागे 29 लागते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात किंवा गाडीवरच्या चिकटपट्टीवर बघा. मागे कोणी बसणार असेल तर मागचा आकडा वाढतो, तोही तिथेच असतो. आठवड्यातून एकदा, चाक थंड असताना. गाडी गावभर फिरवून मग भरलीत तर काटा जास्त दाखवतो आणि आपण फसतो.

नायट्रोजन? साध्या हवेतही 78 टक्के तोच असतो. पैसे भजीला ठेवा.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. वाड्यावाड्यांतून फिरावं लागतं. अरुंद रस्ता, त्यावर शेवाळ, बाजूला लाल चिखल. समोरून एसटी आली की जीव मुठीत. मागच्या वर्षी दोनदा साइडपट्टीवर पडले. टायर बदलून बघितला, फरक नाही. — एक वाचक, दोडामार्ग तालुका

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हे खरं आमच्या मुलखातलं दुखणं. शहरातले लोक लिहितात ‘चांगल्या ग्रिपचा टायर घ्या’ आणि मोकळे होतात. शेवाळावर कुठलाच टायर धरत नाही, हे आधी मान्य करू. नक्षी पाणी बाजूला सारते, शेवाळ सारत नाही. म्हणून तिथे टायर बदलून उपयोग नाही, जागा बदलायची.

आपल्या अरुंद रस्त्यांवर नीट बघा. मधोमध हिरवट पट्टा असतो, कडेला हिरवट पट्टा असतो, आणि त्यांच्यामध्ये जिथून टेम्पो आणि रिक्षांची चाकं रोज जातात तिथे रस्ता घासून काळा झालेला असतो. ती चाकोरी. आयुष्यात कोणीही काहीही सांगू दे, पावसात चाकोरी सोडू नका. मधला हिरवा पट्टा ओलांडायचाच झाला तर सरळ रेषेत असताना, ब्रेक सोडून, हळूच. पोफळीच्या बागेखालून रस्ता जातो तिथे तर ऊन लागतच नाही, श्रावणातली उघडीप आली तरी शेवाळ ओलंच. ‘आज पाऊस नाही’ म्हणून तिथे फसू नका.

आता एसटी. दूरवर ती दिसली की बहुतेक जणी शेवटच्या क्षणापर्यंत डांबरावर राहतात आणि मग घाबरून चालत्या गाडीनेच साइडपट्टीवर उतरतात. डांबर आणि माती यांच्यात चार बोटांची पायरी असते, माती लोण्यासारखी झालेली असते, आणि आपण उतरता उतरता ब्रेकही दाबतो. पुन्हा तेच, दोन कामं एकदम. तुम्ही असं करा. एसटीचा हॉर्न ऐकू आला की लगेच वेग मोडा. जागा बघा, एखाद्या घराची बेडं (अंगणात शिरायचं फाटक), मोरीचा कठडा, खडी पडलेली रुंद जागा. तिथे डांबरावरच जवळजवळ थांबा आणि चालण्याच्या वेगाने खाली उतरा. एसटीचे ड्रायव्हर माणसं आहेत, हात दाखवलात तर थांबतात. मी तर एका वळणावर रोज भेटणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरांना हाताने ‘तुम्ही या’ म्हणते, आता ते लांबूनच हॉर्न देतात.

परत वर चढताना त्याहून सांभाळा. डांबराच्या कडेला समांतर राहून हळूहळू चढायला गेलात तर पुढचं चाक त्या पायरीला घासत राहतं आणि गाडी आडवी होते. आधी मागे बघा, हँडल थोडं जास्त वळवून कडेला तिरकं चाक लावा आणि रेस अगदी हलकी ठेवून एका दमात वर या. जोरात रेस दिलीत तर मागचं चाक जागच्या जागी चिखल उडवेल.

आणखी एक. तुम्ही पडलात ती चालताना की थांबताना, ते लिहिलेलं नाही. माझ्याकडच्या निम्म्या मुली थांबतानाच पडतात. गाडी शून्यावर, पाय खाली टेकला तो नेमका शेवाळावर, पाय गेला आणि मागोमाग गाडी. प्लास्टिकची गुळगुळीत पावसाळी चप्पल घालत असाल तर ती चपलेची चूक, टायरची नाही. खाचांचा रबरी तळ असलेला सँडल घ्या आणि थांबायच्या आधी गाडीपेक्षा पायाची जागा निवडा.

उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून सोडता का? दोडामार्गात खूप जण करतात म्हणून विचारते. करू नका. इंजिनाचा थोडासा अडसर असतो तोही जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

प्रश्न : कणकवलीची आहे, शिकायला पुण्यात. उड्डाणपुलावर माझ्यासमोर चार गाड्या एकामागोमाग घसरल्या. म्हणे ऑइल सांडलं होतं. असं समोर आलं तर काय करायचं? — एक विद्यार्थिनी

चार जण पडताना दिसले म्हणजे तू अंतर ठेवून चालवत होतीस. शाबास.

ऑइल किंवा डिझेल ओल्या रस्त्यावर दिसतं ते मोरपिशी रंगाने, आणि डिझेलचा वास तर आधीच येतो. लांबून दिसलं तर थांब. अंगावरच आलं तर ब्रेक नको, वळण नको, रेस हळूच सोडून हँडल सरळ धरून पलीकडे जा. पलीकडे गेल्यावरही लगेच वळू नकोस, तुझा टायरही आता तेलकट आहे. मग सुरक्षित जागी गाडी लावून 101 ला फोन कर. अग्निशमन दलाचे लोक येऊन माती-वाळू टाकतात. तोपर्यंत कोणीतरी मागच्यांना हात दाखवत उभं राहायला हवं. पण पुलाच्या मधोमध नव्हे, कडेला.

शहरात आणखी तीन जागा: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं आणि पुलावरचे लोखंडी सांधे. सिग्नल सुटला की पोरं नेमकी पांढऱ्या पट्ट्यावरच रेस पिळतात.

प्रश्न : मिस्टर मागे बसले की ‘ब्रेक, ब्रेक, अगं ब्रेक’ चालू असतं. त्यांच्या ओरडण्याने मी दचकून ब्रेक मारते आणि गाडी घसरते. — एक वाचक, कणकवली

टायरचा काही दोष दिसत नाही.

थट्टा सोडा. मागे माणूस बसला की थांबायला अंतर जास्त लागतं आणि मागच्या चाकावर भार येऊन हँडल हलकं लागतं. नव्या चालकाने पहिला पावसाळा शक्यतो एकटीने काढावा. यजमानांना न्यावंच लागलं तर निघण्यापूर्वी ठरवा: पाय फूटरेस्टवर, हात मागच्या कडीला, वळणावर अंग गाडीबरोबर, आणि तोंड बंद. ऐकलं नाही तर स्टँडवर सोडा. सावंतवाडीपर्यंत लालपरी आहे.

प्रश्न : ओल्या रस्त्यावर दोन्ही पाय खाली सोडून चालवलं तर चालेल का? — एक वाचक, आजरा

नाही. पाय लोंबकळत असले की शरीर गाडीला धरून राहत नाही, आणि घसरलात तर आधी घोटा जातो. पाय टेकवण्याएवढा वेग कमी झाला असेल तर उतरून चाला, लाज कसली. आंबोलीच्या घाटात दाट धुक्यात मी दाणोलीच्या बाजूला गाडी कडेला लावून अर्धा तास बसलेली आहे.

प्रश्न : ऑगस्टमध्ये पाऊस कमी असतो, रस्ताही धुतलेला असतो, तरी बाजाराच्या रस्त्यावर गाडी सरकते. का? — एक वाचक, मडगाव

कारण 1 ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते! जून-जुलै दोन महिने रस्ता बिचारा पावसानेच ओला असतो. मग मासळीच्या गाड्या सुरू होतात आणि बर्फाचं पाणी ठिबकत जाते एकेक धार. त्यात माशाचं तेल, खवलं, रक्त. ते पाणी वळणावर आणि स्पीडब्रेकरवर जास्त सांडतं, म्हणजे नेमकं आपण ब्रेक दाबतो तिथे. नाकाला वास आला की समजा, इथे रुपया आठ आण्यांचा. मासळीच्या गाडीच्या मागे मागे जाऊ नका, तिला पुढे जाऊ द्या आणि तिच्या धारेवरून बाजूला व्हा.

आमच्याकडे मे अखेरीला पिकून पडलेली जांभळं हेच करतात. त्याआधी काजूचे बोंडू. 1999 साली जांभळांवरून घसरले ती साडी अजून जांभळीच आहे.

आणि तुम्ही स्वतः बांगडे घेऊन स्कूटरवरून घरी जाणार असाल, तर पिशवी गळकी नाही ना एवढं बघून हुकला लावा. तुमच्या मागून माझी एखादी विद्यार्थिनी येत असेल.